गाळणीवर बसलेला समुद्र

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याच्या दहा वाघिणी घेऊन रेल्वे लातूरला पोहोचली आणि सगळ्या देशाने ते दृश्य पाहिले. कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा या गावात असे दृश्य पाहायला कोणी जमत नसे, कारण तिथे ते नेहमीचेच होते. रेल्वेच्या इंजिनांना कोळसा भरण्याचे ‘कोलिंग स्टेशन ए’ हे ठाणे, त्याचेच पुढे कोअलिंगा झाले. गावात तेल निघत होते, पण जमिनीखालचे पाणी इतके मचूळ की पिता येत नसे. पिण्याचे पाणी आगगाडीने यायचे. घरांत गरम आणि थंड पाण्याच्या नळांखेरीज पिण्याच्या पाण्याचा तिसरा नळ असायचा आणि त्या नळाचे पाणी जपून वापरले जायचे.

1965 च्या जूनमध्ये या गावात एक यंत्र बसले. दिवसाला सुमारे वीस हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्याकडचे दोन टँकर. रिव्हर्स ऑस्मॉसिसवर चालणारे आणि गावाला प्रत्यक्ष पाणी पुरवणारे जगातले हे पहिले केंद्र. आज मुंबई-पुण्याच्या ओट्यावर भिंतीला टांगलेला ‘आरओ’ आणि अरबस्तानातल्या शहरांची तहान भागवणारे अवाढव्य कारखाने, या दोघांचे मूळ घर हेच.

या शोधाची कथा सांगताना बहुतेक जण इथेच टाळ्या वाजवून थांबतात. पापुद्रा सापडला, मीठ अडले, प्रश्न सुटला. खरा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू झाला आणि पुढची साठ वर्षे या धंद्याने मुख्यतः त्याच्याशीच झुंज दिली. मीठ अडवायला पापुद्रा तयार होता. पापुद्र्यावर जे येऊन बसत होते, त्याचे काय करायचे हे कोणाला ठाऊक नव्हते.



आधी पापुद्र्याविषयी थोडेसे. पाणी आणि मीठ यांच्यामध्ये योग्य पडदा धरला, तर गोडे पाणी आपणहून खाऱ्याकडे ओढले जाते. डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून फ्रान्समध्ये नोले या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने 1748 मध्ये असा प्रवाह नोंदवला होता. तो उलटा फिरवायचा तर खाऱ्या बाजूने जोर लावावा लागतो. समुद्राच्या पाण्यासाठी नुसती बरोबरी साधायलाच हवेच्या दाबाच्या पंचवीस पटींहून अधिक दाब लागतो आणि प्रत्यक्ष कारखान्यात पंचावन्न ते सत्तर पट. 1950 च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा मीठ अडवतो हे दाखवले, पण त्यातून पाणी यायचे ते थेंबाथेंबाने.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतातून तिथे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी हे कोडे 1960 च्या आसपास सोडवले. लोब तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते, उद्योगातली नोकरी सोडून पुन्हा शिकायला आलेले. दोघांनी बाजारात मिळणारा पडदा पाण्यात तापवून वापरला. तो कधी उत्तम चाले, कधी अजिबात नाही. पडदा तोच आणि दाबही तोच. शेवटी लक्षात आले की पडद्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एका बाजूला अतिशय पातळ, घट्ट साय आणि तिच्याखाली स्पंजासारखा सच्छिद्र भाग. साय खाऱ्या पाण्याकडे असली तरच मीठ अडत होते. मग त्यांनी असा दुहेरी पडदा स्वतःच बनवला आणि पाण्याचा प्रवाह आधीच्या पडद्यांच्या दहापट झाला.

कोअलिंगात हा पडदा नळ्यांच्या आतून बसवला होता. नळी रुंद असल्यामुळे तिच्यात काही साचले तर स्पंजाचा गोळा सोडून घासून काढता येई. शिवाय तिथले पाणी जमिनीच्या पोटातले. मातीने गाळलेले, अंधारातले, फारसे काही न जगणारे. त्रास व्हायचा तो चुना आणि सल्फेट यांच्या खरपुडीचा, म्हणजे गीझरच्या कॉइलवर चढते तशा थराचा. त्यावर आम्ल आणि फॉस्फेटची औषधे सापडली. कोअलिंगाने या तंत्राला मोठा आत्मविश्वास दिला खरा, पण तो विहिरीच्या पाण्यावर कमावलेला होता.



नळ्या जागा फार खात. म्हणून सॅन दिएगोतल्या जनरल अॅटॉमिक्सने पडद्याच्या चौकोनी पिशव्या करून त्या मधल्या नळीभोवती गुंडाळल्या, उलगडलेली घोंगडी परत वळकटी करावी तशा. दोन पडदे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकची बारीक जाळी घातली. ड्युपाँट कंपनी दुसऱ्या वाटेने गेली. तिने 1969 मध्ये केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचे जुडगे बाजारात आणले आणि पुढे समुद्राच्या पाण्यासाठी त्याच घराण्यातले वेगळे तंतू काढले. आज आठ इंच जाडीच्या आणि चाळीस इंच लांबीच्या एका वळकटीत सुमारे चारशे चौरस फूट पडदा मावतो. मुंबईत एवढ्या जागेत कुटुंब राहते.

पण दाटी आली की वाट अरुंद होते. दोन पडद्यांमधली फट एक मिलिमीटरहूनही कमी आणि तंतूंच्या जुडग्यात तर ती त्याहून कितीतरी बारीक. तिथे गोळा सोडून घासायची सोय उरली नाही. किमतीच्या हिशोबात वळकटी जिंकली, पण स्वच्छतेच्या हिशोबात धंद्याने तेव्हा फार मोठे कर्ज डोक्यावर घेतले, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. ते फेडायची वेळ समुद्रावर आली.

जेद्दाह हे तांबड्या समुद्रावरचे बंदर. हजला जाणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांच्या यात्रेकरूंनी, त्यात मुंबईहून बोटीने निघालेलेही आले, इथले पाण्याचे हाल सोसलेले. 1907 मध्ये तुर्कांच्या राजवटीत इथे समुद्राचे पाणी उकळून वाफ धरण्याचे यंत्र आले. लोक त्याला ‘किंदासा’ म्हणू लागले, ‘कंडेन्सर’चे अरबी रूप. किंदासाच्या पोटातही खरपुडी धरायची, ती छिन्नी-हातोडीने ठोकून काढता येई. याच शहरात 1978 मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारे पहिले मोठे आरओ केंद्र सुरू झाले, दिवसाला 1 कोटी 20 लाख लिटरचे. वाफेऐवजी आता पापुद्रा होता आणि पापुद्र्याला हातोडी चालत नाही.



समुद्राचे पाणी ओंजळीत घेतले तर स्वच्छ दिसते. त्याच्या एका थेंबात जिवाणूंची संख्या हजारोंच्या घरात असते. शेवाळाच्या पेशी असतात, शंख-शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असतात आणि या सगळ्यांनी अंगावेगळा केलेला चिकट द्रव असतो. असे पाणी दाबाने पडद्यावर आदळते, पाणी पलीकडे जाते आणि बाकीचे सगळे पडद्याच्या तोंडाशी गोळा होते. जिवाणूंना यासारखी जागा नाही. अन्न दारात येते आणि बसायला भक्कम भिंत मिळते. माठ आठवडाभर आतून घासला नाही की बोटाला बुळबुळ लागते. तीच बुळबुळ पडद्यावर चढते.

त्याचे परिणाम कारखान्याच्या काट्यांवर दिसतात. तेवढेच पाणी काढायला जास्त दाब द्यावा लागतो, विजेचे बिल चढते. मग कॉस्टिक आणि आम्लाने धुलाई. धुलाईनंतर काही दिवस बरे जातात आणि काटा पुन्हा चढू लागतो. धुवून धुवून पडदाच झिजतो. शेवटी वळकटी काढून करवतीने कापतात आणि उलगडून आत काय बसले ते पाहतात. या कामाला धंद्यात ‘ऑटॉप्सी’च म्हणतात. आत तपकिरी, जेलीसारखा थर सापडतो.

जिवाणू मारायला क्लोरीन घालावा, हे कोणालाही सुचेल. सुरुवातीच्या सेल्युलोजच्या पडद्याला थोडा क्लोरीन चालत असे. पण तो पडदा स्वतःच जिवाणूंचे खाद्य होता आणि पाणी जरा अल्कधर्मी झाले की विरायचा. 1970 च्या दशकाच्या शेवटी मिनेसोटात जॉन कॅडोट यांनी पॉलिअमाइडची अतिपातळ साय घडवली, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीची. आज जगभर चालणारे जवळजवळ सगळे पडदे तिच्याच वंशातले. मीठ अडवण्यात आणि पाणी सोडण्यात ती सरस ठरली, पण क्लोरीन लागला की तिची वीण तुटते.

मग केंद्रांनी तडजोड केली. समुद्राच्या तोंडाशी क्लोरीन घालायचा आणि पडद्यापाशी पोहोचण्याआधी सोडियम बायसल्फाइटने तो मारायचा. ऐकायला चोख वाटणाऱ्या या युक्तीने अनेक केंद्रांचे हाल केले. क्लोरीन जिवाणूंना मारतो, त्याचबरोबर पाण्यातल्या मोठ्या, पचायला जड सेंद्रिय रेणूंचे तुकडेही करतो. ते तुकडे जिवाणूंना आयते खाद्य. क्लोरीन मारल्यानंतर जे थोडे जीव वाचलेले असतात, त्यांच्यापुढे वाढलेले ताट असते आणि जेवायला दुसरे कोणी नसते. 1980 च्या दशकात आखाती देशांतल्या केंद्रांवर अभ्यास करणाऱ्यांना कळले की क्लोरीन बंद केल्यावर काही ठिकाणी पडदे उलट जास्त टिकतात. खरपुडीवर औषध म्हणून घातलेले काही फॉस्फेटही जिवाणूंचे खत ठरत होते. एका आजाराची गोळी दुसऱ्या आजाराला पोसत होती आणि गोळ्या देणाऱ्यांना हे कळायला काही वर्षे आणि पुष्कळ पडदे खर्ची पडले.

जेद्दाहने वेगळा मार्ग धरला. 1989 मध्ये तिथे जपानच्या तोयोबो कंपनीचे सेल्युलोज ट्रायअॅसिटेटचे तंतू बसवले. हा जुन्या घराण्यातला पडदा, मीठ अडवण्यात चांगला आणि क्लोरीन सोसणारा. त्यावर सतत क्लोरीन न सोडता दिवसातून ठरावीक वेळा थोडा थोडा सोडायचा, म्हणजे जिवाणूंना घर बांधायला उसंत मिळत नाही. मागे टाकलेल्या पडद्याकडे परत जाण्याचा तो निर्णय मला या साऱ्या इतिहासातला फार समंजस निर्णय वाटतो.



कोकण-गोव्याच्या माणसाला शिनाणे सांगावे लागत नाहीत. हिरव्या कडांचे हे शिंपले खडकांना घट्ट धरून बसतात. तव्यावर रवा लावून भाजले की गोव्यात त्यांच्यापुढे मासळी मागे पडते. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरचा हा जीव 1999 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात, टँपा उपसागरात सापडला. बहुधा एखाद्या जहाजाने तोल साधायला भरून आणलेल्या पाण्यातून तो गेला असावा. पहिल्यांदा सापडला कुठे, तर वीजकेंद्राच्या पाणी ओढणाऱ्या बोगद्यांत.

त्याच काळात टँपाच्या पाणीपुरवठा संस्थेने उत्तर अमेरिकेतले सर्वांत मोठे समुद्रजलाचे आरओ केंद्र उभारायचे ठरवले होते. भूजल अति उपसल्यामुळे तिथली तळी आणि पाणथळी सुकत चालली होती, तेव्हा गरज खरीच होती. दिवसाला साडेनऊ कोटी लिटर पाणी, तेही तोवर कोणी न ऐकलेल्या स्वस्त दरात. स्वस्ताईचे एक गुपित म्हणजे जागा. बिग बेंड वीजकेंद्राला खेटून कारखाना बांधायचा आणि वीजकेंद्राने यंत्रे थंड करून सोडलेले कोमट पाणीच घ्यायचे. पाणी आणणाऱ्या वाहिन्या वाचल्या. कोमट पाणी पडद्यातून सहज जाते, म्हणजे वीजही वाचली.

कोमट पाणी जिवांनाही सोसते. उपसागर उथळ, त्यात नद्यांचे सेंद्रिय पाणी उतरते आणि आता वाहिन्यांमध्ये शिनाणेही होते. पडद्याआधीची गाळणी मात्र दरात बसेल इतकीच ठेवलेली होती, वाळूच्या दोन फेऱ्या आणि त्यानंतर काडतुसासारखे बारीक फिल्टर. आपल्या घरच्या आरओतली पांढरी कांडी महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी होते, तसलेच हे फिल्टर. 2003 च्या मार्चमध्ये पाणी निघू लागले आणि थोड्याच दिवसांत हे फिल्टर ठरल्यापेक्षा कितीतरी लवकर भरू लागले, पडदे पुन्हा पुन्हा धुवावे लागले. स्वीकृतीच्या चाचणीत केंद्र नापास झाले. उभारणीतल्या ठेकेदार कंपन्या तर आधीपासूनच एकामागून एक दिवाळखोरीत निघत होत्या.

2004 मध्ये नव्या कंपन्यांना दुरुस्तीचे काम दिले गेले. त्यांनी पडद्यांपेक्षा पडद्यापर्यंत येणाऱ्या वाटेवरच अधिक खर्च केला. तोंडाशी फिरत्या जाळ्या बसवल्या. फेरिकचे मीठ घालून गाळाच्या गाठी करण्याचे हौद वाढवले. आपल्या आजीने हंड्यात तुरटी फिरवली त्याचाच हा मोठा अवतार. वाळूनंतर डायटोमाइटचे फिल्टर घातले. डायटोमाइट म्हणजे लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या सूक्ष्म शेवाळाच्या काचेसारख्या कवचांची पूड. जिवंत शेवाळ अडवायला मेलेल्या शेवाळाची कवचे कामी आली. 2007 च्या अखेरीस केंद्र पुन्हा सुरू झाले. मूळ अंदाज 11 कोटी डॉलरचा होता, हिशोब 15 कोटी 80 लाखांवर गेला.

टँपाची चूक सांगताना शिनाण्यांचे नाव पुढे केले जाते. ते अन्यायाचे आहे. त्या पाण्यात काय राहते हे पाणी ओढण्यापूर्वी वर्षभर पाहिले असते, तर शिनाणे नव्हते असे झाले नसते, पण गाळणी तेवढी मोठी झाली असती.



टँपाचे केंद्र सावरून वर्षही झाले नव्हते, तोच दुसरा तडाखा होर्मुझच्या तोंडाशी बसला. 2008 च्या उन्हाळ्याच्या शेवटी संयुक्त अरब अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर पाणी तपकिरी-लाल झाले. कॉक्लोडिनियम नावाचे सूक्ष्म जीव साखळ्या करून फोफावले होते. असे बहर काही आठवड्यांत ओसरतात, हा मात्र आठ महिन्यांहून अधिक टिकला. मासे टनावारी मेले, दिब्बा-फुजैराच्या बाजूची प्रवाळे मेली. समुद्राकाठच्या अनेक आरओ केंद्रांना उत्पादन कमी करावे लागले आणि काही पार बंद ठेवावी लागली. किंदासाच्या वंशातली, पाणी उकळणारी केंद्रे बव्हंशी चालू राहिली. वाफेला शेवाळाची भीती नसते.

या बहरातले खरे संकट पेशींपेक्षा त्यांच्या चिकट स्रावाचे होते. पेशी गाळता येतात. स्राव वाळूवर बसून तिचे छप्पर बनवतो, आणि पंपाच्या माऱ्याने फुटलेल्या पेशींतून तो आणखी पाझरतो. म्हणून त्यानंतर आखातातल्या नव्या केंद्रांत हवेच्या बारीक बुडबुड्यांचे हौद आले. घाण तळाला बसवायची नाही, बुडबुड्यांवर चढवून वर आणायची आणि मळी काढावी तशी काढून टाकायची. शेवाळ मुळात हलके, त्याला बुडवण्यापेक्षा तरंगवणे सोपे.

धंद्याची मोजपट्टीही इथे उघडी पडली. पाणी पडद्यावर सोडण्याजोगे आहे का, हे ठरवायला दशकानुदशके ‘सिल्ट डेन्सिटी इंडेक्स’ वापरतात. 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या कागदासारख्या गाळणीतून ठरावीक दाबाने पाणी सोडायचे आणि पंधरा मिनिटांत ती किती तुंबते ते पाहायचे. आकडा तीनच्या आत आला की समाधान. पण ही पट्टी नावाप्रमाणे गाळाची आहे. विरघळलेले अन्न तिला दिसत नाही आणि जीव पुढे किती वाढतील हे तर मुळीच नाही. समुद्रशास्त्रज्ञांना 1993 मध्येच एक विशेष रंग वापरून पाण्यात तरंगणारे पारदर्शक, चिकट कण दिसले होते. शेवाळाच्या स्रावाचे हे कण लवचीक, छिद्रांतून अंग चोरून जाणारे. ते पडद्यावर पहिला लेप देतात आणि मग त्यावर जिवाणू बसतात, हे 2005 च्या सुमारास पडदेवाल्यांच्या कानावर घातले गेले. एकाच समुद्राचा अभ्यास करणारे दोन गट बारा वर्षे एकमेकांशी बोलले नव्हते.

2009 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आणखी एक धक्का दिला. जिवाणूंच्या थराने दाब चढतो, तो पडद्याची छिद्रे बुजल्याने कमी आणि दोन पडद्यांमधल्या त्या प्लास्टिकच्या जाळीत थर अडकल्याने जास्त. ज्या जाळीकडे सुमारे चाळीस वर्षे कोणी फारसे पाहिले नव्हते, तीच दोषी निघाली. तेव्हापासून जाळीच्या धाग्यांची जाडी आणि गाठींचे आकार यांवर काम चालले आहे.



भारतात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कमच्या किनाऱ्यावर पाणी उकळणे आणि पापुद्रा या दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालवून पाहिल्या. चेन्नईजवळ मिंजूरला 2010 मध्ये आणि नेम्मेलीला 2013 मध्ये प्रत्येकी दिवसाला 10 कोटी लिटरची केंद्रे सुरू झाली. मुंबई महापालिकेने मनोरीला 20 कोटी लिटरच्या निःक्षारीकरण केंद्राची योजना आखली आहे, पुढे दुप्पट करता येईल अशी.

मनोरीचा समुद्र तांबड्या समुद्रासारखा निवळशंख नाही. पावसाळ्याचे चार महिने तो गढूळ असतो, खाड्यांमधून शहराचे सांडपाणी त्यात येते आणि 2020 च्या नोव्हेंबरमध्ये जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या, त्या अशाच एका सूक्ष्म जिवाच्या बहराने. या केंद्राची चर्चा खर्चाच्या आणि जागेच्या आकड्यांभोवती फिरते. मुंबईकरांनी त्याआधी दुसरे प्रश्न विचारावेत. पाणी किती खोलीवरून आणि किनाऱ्यापासून किती दूरून घेणार? पडद्याआधीच्या गाळणीवर एकूण खर्चाचा किती भाग ठेवला आहे? पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा धरून त्या जागेचे पाणी लहान यंत्रावर चालवून पाहिले का, आणि त्याच्या नोंदी लोकांना पाहायला मिळतील का? मनोरी-गोराईच्या कोळ्यांनाही बसवून विचारावे की कोणत्या महिन्यात पाण्याचा रंग बदलतो आणि जाळ्याला काय चिकटून येते. वळकट्या कधीही विकत आणता येतील, त्या पाण्याच्या वर्षभराच्या नोंदी मात्र निविदा काढण्यापूर्वीच हाती हव्यात.